चायनीची उल्लेखनीयता

मी संशयी आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि लाजूनही नाही. भाजीवाल्याने आपणहून कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली, तर घरी येऊन मी आधी ती उलटीपालटी करून बघते. नवरा म्हणतो, "तुला देव प्रसन्न झाला तरी तू त्याच्याकडे आधार कार्ड मागशील." मागेन की. देवाच्या नावावर काय काय खपवतात, ते मला जळगावात राहून चांगलं माहीत झालं आहे.

या स्वभावाचं आयुष्यात एकाच ठिकाणी चीज झालं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथे बसल्या बसल्या मला इंटरनेटवरच्या मराठी मुक्त ज्ञानकोशाचा नाद लागला. त्यात कुणीही लेख लिहू शकतो, आणि कुणीही लिहू शकतो म्हणूनच आमच्यासारखी चार खडूस माणसं दारात बसलेली असतात. आलेला लेख ठेवायचा की काढायचा, हे आम्ही चर्चा करून ठरवतो. कसोटी अशी, की विषय उल्लेखनीय हवा. म्हणजे ज्याचा त्या विषयाशी काही संबंध नाही अशा माणसाने त्याच्याबद्दल कुठेतरी छापील आणि भरवशाचं काही लिहिलेलं हवं. आपल्या माणसाबद्दल किंवा आपल्याच कामाबद्दल लिहू नये, असाही संकेत आहे. आणि तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलंत, हाताने शिवलंत, ते तर अजिबात चालत नाही. हा शेवटचा नियम मला पहिल्या दिवसापासून आवडला. डोळ्यांनी बघून फसलेली माणसं मी कमी पाहिलेली नाहीत.

तिथलं माझं सदस्यनाव असं आहे, की बाई आहे की बुवा ते कळू नये. त्यामुळे सगळे मला 'महोदय' म्हणतात. भांडायला ते बरं पडतं.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका नव्या खात्यावरून एक लेख आला. साक्री तालुक्यातल्या एका लहान गावाच्या उत्तरेला असलेल्या तलावावर. गावाचं नाव, पुढे 'पाझर तलाव', आणि खाली पाच-सहा वाक्यं. संदर्भ एकही नाही. एक फोटो, त्यात काठोकाठ पाणी आणि मागे टेकडी. गावाचं नाव वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. ते माझं माहेर आहे.

त्या तलावाला गावात कुणी पाझर तलाव म्हणत नाही. त्याला चायनी म्हणतात. चायनी म्हणजे चाळणी, आमच्या बोलीतली. श्रावणात तो तुडुंब भरतो, कानबाईचं विसर्जन थाटात होतं, आणि दिवाळी येईस्तोवर त्यात बकऱ्या चरायला लागतात. मोठ्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम हवं म्हणून तो बांधला गेला. त्या कामावर सरकारी मिस्त्री होते माझे वडील. आम्ही त्यांना नाना म्हणतो.

म्हणजे ज्या तलावात पाणी टिकत नाही तो बांधणाऱ्याची मी मुलगी. गुलाबाईच्या दिवसांत आम्ही पोरी महिनाभर गाणी म्हणत घरोघर खाऊ ओळखत फिरायचो आणि कोजागिरीला मातीची गुलाबाई आणि तिचा नवरा गुलोजी यांना बोळवायला तलावावर जायचो. एका वर्षी पाणी घोट्याएवढंच होतं. गुलाबाई काही बुडेना. गुलोजी आणि ती, दोघं चिखलात कमरेपर्यंत रुतून आमच्याकडे बघत बसले. एक पोरगी सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तुन्हा बापनी चायनी बांधी व माय!" सगळ्या हसल्या. मी घरी येऊन नानांना विचारलं. नाना म्हणाले, "तो पाझर तलाव आहे. पाणी जमिनीत मुरवण्यासाठीच बांधतात तसे. गावाला समजत नाही." मी ते उत्तर घेऊन दुसऱ्या दिवशी मैत्रिणींकडे गेले. त्यांनी आपापल्या बापांना विचारलं. बाप म्हणाले, आधी गळला, मग पाझर झाला.

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे. पाझर तलाव खरोखरच असतात, पुस्तकात वाचून मी खात्री करून घेतली. त्यांचं पाणी जमिनीत जिरावं आणि खालच्या विहिरींना लागावं हीच अपेक्षा असते. प्रश्न एवढाच, की आमचा तलाव जन्मतः पाझर होता की चूक झाकायला नानांनी त्याला मागाहून ते नाव दिलं. मी नानांना पुन्हा कधी विचारलं नाही. विचारावं तर खोटं ऐकायला मिळेल, किंवा खरं, आणि दोन्हींची मला भीती वाटायची.

आणि आता तोच शब्द लेखाच्या पहिल्या ओळीत येऊन बसला होता.

हा लेख कुणी लिहिला असेल? पहिला संशय प्लॉटवाल्यांवर गेला. धुळ्याकडून येणाऱ्या रस्त्याला हल्ली जिथे बघावं तिथे चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसतात. 'तलावाकाठी एनए प्लॉट' अशी पाटी लावायची, तर आधी तलाव नेटवर पाहिजे. दुसरा संशय मासेमारीचा ठेका मागणाऱ्यांवर, पण दिवाळीला आटणाऱ्या तलावात मासे कसले धरणार? तिसरा कुठल्यातरी पुढाऱ्यावर. पण लेखात कुणा पुढाऱ्याचं नावच नव्हतं, ते आणखी संशयास्पद वाटलं. आपल्याकडे साधी मुतारी बांधली तरी तीन नावं लागतात.

चर्चा सुरू झाली. पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ आमच्यात सगळ्यात काटेकोर. ते म्हणाले, उपग्रहाच्या चित्रात या जागी तपकिरी पट्टा दिसतो, पाणी दिसत नाही, तर हा तलाव मुळात आहे का? मी मनात म्हटलं, घ्या. आमचं गाव निदान तलाव गळतो म्हणतं. हे तर तो नाहीच म्हणतात.

नव्या खात्याने उत्तर दिलं. "महोदय, चित्र उन्हाळ्यातले असावे. तलाव अस्तित्वात असून त्याची प्रकृती समाधानकारक आहे."

मी ते वाक्य परत वाचलं. तलावाची प्रकृती.

मी या जगात एकच माणूस असा ओळखते जो निर्जीव वस्तूंची प्रकृती समाधानकारक असल्याचं सांगतो. घरचा पंखा कसा आहे? प्रकृती समाधानकारक आहे. मोटर दुरुस्त झाली का? झाली, प्रकृती समाधानकारक. जन्मभर वरच्या साहेबांना अहवाल देऊन नानांच्या तोंडात ते बसलं आहे. पण नाना मोबाइलवर कापसाचा भाव आणि हवामान यापलीकडे काही बघत असतील, असं मला कधी वाटलं नव्हतं. सगळ्या गावावर फिरून माझा संशय शेवटी आपल्याच घरी पोचला.

मग एक विचित्र महिना गेला. संध्याकाळी मी त्या पानावर नानांना कडक शब्दांत विचारायची, "हा पाझर तलाव म्हणूनच बांधला गेला याला आधार काय?" नाना उत्तर द्यायचे, "महोदय, आपल्या शंकेचा आदर आहे, तथापि..." आणि तासाभराने त्यांचाच फोन, "जेवलीस का? जावईबापूंचा खोकला काय म्हणतो?" एकदा मात्र खोकल्याचं न विचारताच ते म्हणाले, "काही माणसं कधी उन्हात उभीच राहिलेली नसतात गं." मी विचारलं, कोण माणसं? म्हणाले, "असेच. एक महोदय आहेत." मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. चर्चेत मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की हे माझे वडील आहेत, मी बाजूला होते. पण माझ्याकडे पुरावा काय होता? एक पंखा आणि एक मोटर.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. धुळ्याला बस बदलली, साक्रीला पुन्हा बदलली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतातच, त्यामुळे माझ्या जाण्याचा कुणाला संशय आला नाही. वहिनीने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या, आमरस होता. कडुलिंबाला झोका बांधला होता. नाना ओट्यावर बसून मोबाइलकडे डोळे बारीक करून बघत होते. मी आल्यावर त्यांनी तो पालथा ठेवला.

उन्हं कलल्यावर मी एकटी तलावावर गेले. तळाशी कोरडी, भेगाळलेली माती होती. मध्ये पोरांनी विटांचे स्टंप लावून क्रिकेट मांडलं होतं. मी तळात उभी राहिले आणि कबूल केलं, की पुण्याच्या गृहस्थांचा पट्टा तपकिरीच आहे. मग बांध चढून पलीकडे उतरले.

बांधाच्या खाली पहिलाच मळा आबांचा. आबा म्हणजे नानांच्या वयाचे, किंबहुना दोन-तीन वर्षांनी मोठेच, आणि 'चायनी' हे नाव त्यांनीच पाडलं असं सगळे म्हणतात. विहिरीजवळ आंब्याखाली बसले होते.

"कवय उनी व माय?"

"सकाळीच आले आबा," म्हणत मी विहिरीत डोकावले. वैशाखातली विहीर, आणि पाणी वर आलेलं. मोटर चालू होती तरी हलत नव्हतं. बाजूला मका हिरवागार उभा.

"पाणी छान आहे की आबा."

"हेर मन्हा बापनी खंदेल शे," आबा विहिरीकडे बोट दाखवत म्हणाले. "झरा चांगला शे."

"तलाव झाल्यामुळे नाही?"

"कोनता तलाव? ती चायनी? बठ्ठं पानी पी टाकस ती!" आबा मनापासून हसले.

"मग पिऊन ते पाणी जातं कुठे?"

आबांनी तंबाखू थुंकली. बांधाकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं. मग म्हणाले, "जास कोठे तरी."

"तलावाच्या आधी उन्हाळ्यात विहिरीला एवढं पाणी असायचं का?"

"तधळ मी ल्हाना व्हतू, माय. माले याद नही."

तलाव झाला तेव्हा नाना मिस्त्री होते, आणि आबा नानांपेक्षा मोठे आहेत.  आबा माझी नजर चुकवून मोटर बंद करायला उठले.

परत येताना मी वाटेवरच्या आणखी विहिरी बघितल्या. बांधाच्या खालच्या अंगाला पाणी, वरच्या अंगाला ठणठणाट. चोर सापडल्यासारखा मला आनंद झाला, आणि मग आठवलं, की हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे ज्ञानकोशात याची किंमत शून्य.

घरी आले तेव्हा वहिनी झोक्याकडे गेली होती. ओट्यावर नाना एकटेच होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "नाना, ते महोदय मीच आहे."

नानांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मला शंका होतीच. एवढी कटकट आपल्याच घरात निपजते."

इथे एक सांगायला हवं. नोकरीत जिल्हाभर फिरून नानांची बोली पुस्तकी झाली आहे. पण मनातलं बोलायचं झालं की ते खान्देशीवर येतात. लहानपणापासून मी त्यावरूनच त्यांना पारखते. 'मला शंका होतीच' हे शुद्ध मराठीत होतं, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला नाही. आणि 'तो पाझर तलाव आहे' हेही ते आयुष्यभर शुद्ध मराठीतच म्हणत आले होते.

"नाना, आता महोदय म्हणून नाही विचारत. तो पाझर म्हणूनच बांधला होता का?"

त्यांनी मोबाइल हातात घेतला, पुन्हा ठेवला. झोक्यावरच्या बायकांची गाणी ऐकू येत होती.

"नही," नाना म्हणाले. "साठवनसाठीच व्हता. बांधना खाले खडक लागेपावत चर खंदाना व्हता. खडकना पहिलेच मुरूम लागना, आनि आम्ही तठेच थांबनूत. पाऊस डोकावर उना व्हता. बठ्ठासले घाई व्हती."

"कोनी सांगं थांबाले?" माझ्याही तोंडात बोली आली.

"कोनी नही. मीच." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "पहिलाच साले मुरूममाईन बठ्ठं पानी गये. मी रोज बांधवर जाईसन बसू. मंग उन्हायामा खाले हेरीस्मा पानी दिसनं. तधळ मी पाझर म्हनाले लागनू."

म्हणजे गाव खरं बोलत होतं. सगळ्या आयुष्याचा संशय बरोबर निघाला आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. मी त्यांच्यावर रागावणार होते. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी पोरींशी भांडले होते. पण कोरड्या बांधावर रोज जाऊन बसणारा एक तरुण मिस्त्री माझ्या डोळ्यांपुढे आला आणि राग कुठे गेला कळलं नाही.

"मग लेख कशाला लिहिला?"

"मन्हा मांगे काय ऱ्हाई?" नाना म्हणाले. "चायनी. नातरंडं बी तेच म्हनतस. कोठे तरी एक जागा दुसरं लिखेल ऱ्हावाले पाहिजे का नही?"

त्या संध्याकाळी मी चर्चेच्या पानावर लिहिलं, की लेखक माझे वडील आहेत, तलाव त्यांनीच बांधला आहे, तेव्हा माझं मत धरू नये आणि आधी धरलं असेल तर काढून टाकावं. जळगावला परत आल्यावर निकाल लागलेला दिसला. तलाव स्वतंत्र लेखाइतका उल्लेखनीय नाही. गावाच्या लेखात त्याचा थोडक्यात उल्लेख करावा. निकाल योग्य होता. मी त्या जागी असते तर हाच दिला असता, आणि तरीही मी पान बंद करून पुन्हा उघडून बघितलं.

मी नानांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "किती उल्लेख चालेल?"

"एखाद-दोन वाक्यं."

ती त्यांनी स्वतःच लिहिली. 'गावाच्या उत्तरेला एक तलाव आहे. त्यात पाणी टिकत नाही.' पाझर हा शब्द कुठेच नव्हता. मी फोनवर ओरडलेच, "नाना, विहिरींचं का नाही लिहिलं?"

"आधार शे का?"

"नाही."

"मंग?" नाना म्हणाले. "तुन्हाच नियम शे."

आपल्याच कामाबद्दल लिहू नये हा संकेत त्यांनी मोडला होता, पण कुणी आक्षेप घेतला नाही. स्वतःच्या विरुद्ध लिहिणाऱ्याला कोण अडवणार? मला मात्र दिवसभर ते दुसरं वाक्य टोचत राहिलं. गावाने आयुष्यभर जे तोंडी चिडवलं, ते त्यांनी आपल्या हाताने लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांचा फोन आला. आवाज वेगळाच होता. "अगं, आपल्या वाक्याच्या मागे कुणीतरी काहीतरी चिकटवलंय. बारीक अक्षरात."

मी पान उघडलं. पुण्याच्या गृहस्थांचंच काम. पहिलं वाक्य त्यांनी सोडून दिलं होतं. दुसऱ्याच्या शेवटी, 'त्यात पाणी टिकत नाही' याच्या पुढे, दोन शब्द लावले होते. संदर्भ हवा.

"म्हणजे काय?" नानांनी विचारलं.

"म्हणजे ते वाक्य कशावरून लिहिलं, ते कुणीतरी सिद्ध करायला हवं. नाहीतर ते काढून टाकता येतं."

"पाणी टिकत नाही, हे सिद्ध करायचं?"

"हो."

"कुणी?"

"जो म्हणतो त्याने."

नानांनी ते स्वतःशीच पुन्हा म्हणून बघितलं. मग हसायला लागले. मी त्यांना असं हसताना आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. चपलांचा आवाज आला, फाटकाची कडी वाजली, आणि मग भर रस्त्यातून त्यांची हाक: "ओ आबा! जरा आठे या! तुम्हनाकडथून पुरावा मांगतस!"

फोन चालूच राहिला होता. ते दोन शब्द मी एका मिनिटात काढू शकत होते. आखाजीला मी स्वतः त्या कोरड्या तळात उभी होते. पण मी डोळ्यांनी पाहिलेलं तिथे चालत नाही.